ग्रुप वेगळा, टीम वेगळी

प्रॅक्टिकलची बॅच म्हणजे काय हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. एकजण रीडिंग घेतो, बाकीचे रात्री जागून त्याचं जर्नल 'छापतात'. सबमिशन होतं, पण व्हायवाला सगळे गप्प! हा झाला ग्रुप.

टीमची गोष्ट अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठातली. १९७० च्या दशकाच्या शेवटी लॅरी मायकेलसन या मॅनेजमेंटच्या प्राध्यापकांचा वर्ग ४० वरून १२० वर गेला. तेव्हा त्यांनी काढलेली पद्धत पुढे मेडिकल आणि सायन्सकडेही गेली. धडा आधी वाचून यायचा. वर्गात प्रत्येकाने एकट्याने छोटी टेस्ट द्यायची, मार्क ज्याचे त्याला. मग लगेच तोच पेपर पाच-सात जणांच्या टीमने सोडवायचा. उत्तराला स्क्रॅच कार्ड, मोबाईल रिचार्जचं असायचं तसंच! खरवडल्यावर चांदणी निघाली तर बरोबर, नाहीतर पुन्हा भांडा आणि कमी मार्कांवर दुसरं खरवडा. टीम सर पाडतात, दोस्त-दोस्त एकत्र नाही, आणि सेमिस्टरभर ती बदलत नाही.

खरी गोम 'आधी एकट्याने' यातच आहे असं मला वाटतं. मी कॉन्व्हेंटचा, इंग्लिश फाडफाड, म्हणून वर्गात हुशार! कार्डापुढे फाडफाड चालत नाही. सेनगावच्या झेडपी शाळेतून आलेल्या मुलाने मराठीत समजावलेल्या उत्तराखाली दोनदा चांदणी निघाली, की तिसऱ्यांदा सगळे आधी त्यालाच विचारणार.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २६०० कोटी मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगोवाल्यांचीही अशीच टेस्ट झाली होती. सप्टेंबर २०१० मध्ये गुरुत्वीय लहरीचा संकेत मिळाला. मोजकी माणसं मधूनच गुपचूप खोटा संकेत घुसवू शकतात हे सगळ्यांना माहीत होतं. हा तोच का, ते नाही. शेकडो जणांनी सहा महिने हिशेब तपासले, पेपरसुद्धा लिहिला. मार्च २०११ मध्ये लिफाफा उघडला, तर संकेत खोटा! पण तपासायची सवय लागली. १४ सप्टेंबर २०१५ ला खरी लहर आली, आणि त्या पेपरवर हजारावर नावं आहेत.

स्क्रॅच कार्ड नाही मिळालं तर पर्यायांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवू. पुढच्या सेमला एका बॅचवर करून बघायचं का, सर?