विनाशिका आणि क्षेपणास्त्र-नौका

आरमारातील ज्या जहाजास आज नुसते विनाशिका म्हणतात, त्याचे मूळ नाव ‘पाणतीर-नौकांची विनाशिका’ असे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, पाणतीर घेऊन चालून येणाऱ्या छोट्या नौकांपासून अवाढव्य युद्धनौकांचे रक्षण करण्याकरिता ती जन्मास आली. दोन्ही महायुद्धांत विनाशिकांच्या पथकांनी पाणबुड्यांपासून व्यापारी ताफ्यांचीही राखण केली. अशा विनाशिकेस छोट्या नौकेनेच जलसमाधी द्यावी, हा योग 1971 साली कराचीसमोर आला.

त्या वर्षी भारतीय नौदलास सोव्हिएत रशियाकडून आठ क्षेपणास्त्र-नौका मिळाल्या व त्यांचे 25वे पथक मुंबईस उभे राहिले. प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रे असत. त्यांचा पल्ला सुमारे 40 किलोमीटर. म्हणजे नाशिकहून इगतपुरी सरळ रेषेत जितकी दूर, जवळजवळ तितका. परंतु या नौका किनाऱ्याच्या रक्षणासाठीच बांधलेल्या. दूरच्या स्वारीस पुरेल इतके इंधन त्यांत मावत नसे. मुंबई बंदरात त्यांचे वजन पेलणारी यारी नसल्याने त्या कलकत्त्यास उतरवून, मोठ्या जहाजांमागे बांधून मुंबईस आणाव्या लागल्या होत्या. त्या अडचणीतूनच युक्ती सुचली. मुंबईपर्यंत ओढून आणता येतात, त्या कराचीच्या दिशेनेही नेता येतील!

4 डिसेंबरच्या रात्री कमांडर बब्रुभान यादव यांच्या नेतृत्वाखाली ‘निपात’, ‘निर्घात’ व ‘वीर’ या नौका, ‘किल्तान’ व ‘कच्छल’ या जहाजांसह, कराचीवर चालून गेल्या. ‘निर्घात’ने सोडलेल्या दोन क्षेपणास्त्रांनी ‘खैबर’ ही पाकिस्तानी विनाशिका बुडाली. ही पूर्वी ब्रिटिश आरमारातील ‘केडिझ’ होती. आकाशातून येणारा प्रकाश विमानाचा आहे, असाच तिच्यावरील लोकांचा अखेरपर्यंत समज होता. ‘वीर’ने ‘मुहाफिज’ हे सुरुंग काढणारे जहाज बुडविले. 8 डिसेंबरच्या रात्री ‘विनाश’ने, ‘त्रिशूल’ व ‘तलवार’ यांच्या सोबतीने, पुन्हा हल्ला करून केमारी येथील तेलाचे साठे पेटविले.

परंतु सागराचा हिशेब एकतर्फी नसतो. दुसऱ्याच रात्री दीवनजीक पाणबुडीच्या शोधात असलेली ‘खुकरी’ ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली. तिच्यासह 18 अधिकारी व 176 खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही.

4 डिसेंबर हा नौदल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी कराचीच्या विजयाबरोबर ‘खुकरी’च्या खलाशांचेही स्मरण होणे उचित होय.