आमवातावरचं इंजेक्शन : नागपूरहून सौंदडला नेताना काय सांभाळाल?

सौंदड (जि. गोंदिया) : सकाळी उठल्यावर बोटं तासभर आखडलेली, मनगटाला सूज, धानाची रोपं उपटणंही अवघड. हा साधा सांधेदुखीचा त्रास नसून आमवात, म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस असू शकतो. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते.

इंजेक्शन कधी?
उपचाराची सुरुवात बहुधा मेथोट्रेक्सेटने होते. ही गोळी किंवा इंजेक्शन आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकतं. त्याने आजार आटोक्यात आला नाही, तर डॉक्टर अ‍ॅडालिमुमॅबसारखं जैविक औषध सुचवतात. साधारण डोस ४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी, मांडीच्या किंवा पोटाच्या त्वचेखाली.

ते काय करतं?
सूज भडकवणारं 'टीएनएफ-अल्फा' हे प्रथिन ते अडवतं. २००२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या या औषधाची भारतीय जैवसमान आवृत्ती झायडसने डिसेंबर २०१४ मध्ये मूळ औषधापेक्षा बऱ्याच कमी किमतीत आणली.

आधी टीबीची तपासणी का?
शरीरात दबून असलेल्या क्षयजंतूंना टीएनएफच कोंडून ठेवतं. ते अडवलं की टीबी उफाळू शकतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे, टीबीची त्वचा किंवा रक्तचाचणी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी गरजेची.

गावापर्यंत कसं न्यायचं?
औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच टिकतं. नागपूर ते सौंदड हा शंभराहून जास्त किलोमीटरचा प्रवास. त्यामुळे दुकानातूनच थंड पेटी मागून घ्या.

- सिरिंज थेट बर्फावर ठेवू नका. एकदा गोठलेलं औषध वितळलं तरी वापरू नका.
- फ्रीजमध्ये मधल्या कप्प्यात ठेवा. फ्रीजर किंवा दार नको.
- वीज बराच वेळ गेली, तर औषध बाहेर किती दिवस चालतं ते पाकिटातल्या माहितीपत्रकात पाहा. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा.
- टोचण्याआधी १५ ते ३० मिनिटं बाहेर काढा. गरम करू नका, हलवू नका.

डॉक्टरांकडे कधी?
ताप, लांबलेला खोकला, वजन घटणं किंवा चिघळलेली जखम दिसली, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. चिखलणीत पायाला झालेली जखमही अंगावर काढू नका. आणि दुखणं थांबलं म्हणून इंजेक्शन परस्पर बंद करू नका. आजार परतू शकतो आणि एकदा झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही.