भिंतीच्या पोटातील लोखंड

नल्लकुंटा हे नाव तेलुगू असून त्याचा अर्थ 'काळे तळे' असा होतो. ह्या वस्तीत जुन्या बैठ्या घरांच्या जागी आता बहुमजली इमारती उभ्या आहेत, आणि हैदराबादचा उन्हाळा ४० अंशांपलीकडे गेला की प्रत्येक बिऱ्हाडास वातानुकूलन यंत्र हवेसे वाटते. यंत्र आले की त्याची नळी बाहेर नेण्यासाठी भिंतीस भोक पाडणे आले. अशा वेळी आतील लोखंडी सळई कापली गेली तर काय होते, आणि काय करावे, हे प्रत्येक कुटुंबास ठाऊक असलेले बरे. म्हणून आम्ही हा विषय येथे घेतला आहे.

प्रथम सळई भिंतीत असतेच कशाला, ते पाहू. वर्गातील खडू हातात घ्या. दोन्ही टोकांकडून सरळ दाबला तर तो सहसा मोडत नाही. किंचित वाकवला की कट्‌कन तुटतो. काँक्रीटचा स्वभाव नेमका हाच आहे. ते दाब उत्तम सोसते, पण ताण त्याच्या सुमारे दहावा हिस्साच सोसते. ही उणीव लोखंड भरून काढते. जोसेफ मोनिए ह्या फ्रेंच माळ्याने १८६७ साली लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचे पेटंट घेतले. त्याच युक्तीवर आज आपली घरे उभी आहेत.

आता प्रश्न असा की, भोक नेमके कोठे पडणार? आपल्याकडील बहुतेक इमारतींत भार खांब व तुळया वाहतात आणि मधली जागा विटांनी भरलेली असते. विटांच्या भागात भोक पाडण्यास सहसा हरकत नसते. फक्त आतून गेलेल्या विजेच्या व पाण्याच्या नळ्या सांभाळाव्या. पण गिलाव्याखाली वीट व खांब सारखेच दिसतात. खांबाची गोष्ट वेगळी आहे. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीप्रमाणे चौकोनी खांबात निदान चार उभ्या सळया असाव्या लागतात, व त्या १२ मि.मी.पेक्षा बारीक चालत नाहीत. चारच सळया असलेल्या खांबातील एक कापली, तर त्या ठिकाणचे चौथा हिस्सा उभे लोखंड गेले!

अलीकडे काही इमारतींच्या सगळ्याच भिंती काँक्रीटच्या ओततात. काही ठिकाणी उष्णता अडविण्यासाठी भिंतीला थर्मोकोलचा थरही देतात. अशा भिंतीत सळई पृष्ठभागापासून बरीच खोल जाते. सळई शोधणारे यंत्र चुंबकीय तत्त्वावर चालते. सळई जितकी खोल, तितकी तिची खूण पुसट. म्हणून तेथे नुसत्या यंत्रावर विसंबू नये, इमारतीचे नकाशेही पाहावेत.

भोक पाडण्याची रीत अशी असावी. आधी यंत्राने सळयांच्या जागा शोधून भिंतीवर खडूने रेघा ओढाव्या. मग दोन रेघांच्या मधोमध ६ मि.मी.चे बारीक भोक पाडून पाहावे. काँक्रीटची राखाडी भुकटी येत आहे तोवर ठीक. सुई एकाएकी अडली, आवाज कर्कश झाला, किंवा भुकटीत चकाकते कण दिसले, की तेथेच थांबावे आणि दोन-तीन इंच बाजूस सरकावे. ठोके देणारे साधे ड्रिल सळईवर अडते व आपणांस सावध करते. हिऱ्याच्या दातांचे गोल कापणारे यंत्र मात्र सळई काँक्रीटबरोबरच कापून नेते. बाहेर आलेल्या गोळ्यात लोखंडाची चकती दिसते, तेव्हाच ते कळते!

सळई कापली गेलीच, तर घाबरू नये आणि लपवूही नये. काँक्रीटच्या रुंद भिंतीतील एक बारीक सळई तुटल्याने बहुधा मोठा धोका उद्भवत नाही, कारण शेजारच्या सळया भार वाटून घेतात. खांब, तुळई किंवा सज्जा असेल तर मात्र काम तत्काळ थांबवावे, जागेचे माप व छायाचित्र घ्यावे आणि संरचना अभियंत्यास बोलवावे. भोकात सळईचा तुकडा कोंबून सिमेंट लिंपण्याने काही साधत नाही. २० दर्जाच्या काँक्रीटमध्ये ४१५ दर्जाच्या १२ मि.मी. सळईस पूर्ण ताण पेलण्यासाठी प्रत्येक बाजूस सुमारे ५६४ मि.मी., म्हणजे जवळजवळ दोन फूट, पकड लागते. वीतभर तुकड्याला ती कोठून मिळणार? शिवाय उघडे टोक गंजते, गंज फुगतो आणि भोवतीचे काँक्रीट फोडतो. म्हणून उघडे लोखंड तसेच ठेवू नये.

एका भोकाने इमारत पडत नाही, हे खरे. पण मुंबईत डॉकयार्ड रोड येथे २०१३ साली इमारत कोसळून ६१ जण, आणि घाटकोपर येथे २०१७ साली १७ जण दगावले. दोन्ही वेळा तळमजल्यावर केलेल्या फेरफारांकडे बोट दाखविले गेले. सदनिका एकट्याची असते; खांब सर्वांचा असतो. आपल्या दिवाणखान्यातील खांबावर वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडांचाही भार असतो.

म्हणून आमची सभासदांस एवढीच विनंती आहे: इमारतीच्या नकाशांची एक प्रत सोसायटीच्या कपाटात ठेवावी, मिस्त्रीस भोक पाडण्याची जागा घरच्या माणसाने स्वतः दाखवावी, आणि खांबास किंवा तुळईस हात लावण्यापूर्वी अभियंत्याचा लेखी सल्ला घ्यावा.