बैठकीच्या खोलीत सगळ्या लेकरांचा कोपरा

मैत्रिणींनो, पंचसूत्रीतलं पहिलं सूत्र नियमित बैठक. पण मांडीवर लेकरू असलं की ताईचं अर्धं लक्ष हिशेबात आणि अर्धं लेकरात. आणि जिचं मूल चालू शकत नाही किंवा गर्दीत घाबरतं, ती बऱ्याचदा येतच नाही. बचत शेजारणीच्या हाती पाठवते. कर्जाचं ठरतं तेव्हा तिचं म्हणणं मांडायला कोणी नसतं. म्हणून ग्रामसंघाच्या खोलीत खेळाचा कोपरा करू या, आणि तो सगळ्या मुलांसाठी करू या.

आधी दारापासून सुरुवात
चाकाची खुर्ची पायरीवर अडते. उतार करायचा तर 1 फूट उंचीला 12 फूट लांबी धरा. त्याहून चढा उतार धोक्याचा. दार 3 फूट रुंद असावं. आत खुर्ची वळायला 5 फूट मोकळी जागा ठेवा.

खेळणी घरचीच
खाली सतरंजी आणि गोधडी. चिंध्यांच्या बाहुल्या, भातुकली, रिकामे डबे. दिसत नाही त्या मुलासाठी घुंगरू बांधलेला चेंडू आणि खरखरीत-मऊ कापडांचे तुकडे. ऐकू येत नाही त्याच्यासाठी चित्रं आणि रंगीत ठोकळे. बसताना तोल जातो त्या मुलाला भिंतीच्या कोपऱ्यात उशांचा आधार. आवाजाने बावरणाऱ्या मुलासाठी एका बाजूला जुन्या साडीचा आडोसा करा. तिथे ते शांत बसेल, वाटलं की बाहेर येईल. आजीसाठी एक खुर्चीही हवीच!

जपायचं काय?
चिंचोके, सागरगोटे, मणी, बटणं तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती नकोत, घशात अडकतात. खेळण्यातला बटणासारखा सेल गिळला तर जिवावर बेतू शकतं, लगेच दवाखाना गाठा. विजेचे बोर्ड झाका. औषधं, फवारणीचे डबे त्या खोलीत ठेवूच नका. दर बैठकीला दोघी जणींनी आळीपाळीने मुलांकडे बघायचं आणि त्यांची नावं इतिवृत्तात लिहायची.

पैसा कुठून?
ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी आणि 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उतार आणि दाराच्या कामाची लेखी मागणी द्या, पोच घ्या.

शेवटचं, पण महत्त्वाचं. "त्याला कशाला आणलंस?" हे वाक्य बैठकीत कोणीच बोलायचं नाही. काय हवं ते त्या मुलाच्या आईलाच आधी विचारा; तिला सगळ्यात जास्त ठाऊक असतं. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये 21 प्रकारचं दिव्यांगत्व मानलं आहे. त्यातलं कितीतरी वरवर दिसतही नाही. तेव्हा मूल हट्टी आहे असं म्हणण्याआधी थोडं थांबा.

पुढच्या बैठकीत ठराव घ्या. आणि जी ताई बऱ्याच दिवसांत आली नाही, तिला बोलवायला दोघी-तिघी जणी घरी जा.