जुन्या गाडीचा एसी थंड का करीत नाही?

सुट्टीत गावी निघण्याआधी पालक गाडी गॅरेजात देतात व ‘गॅस भरा’ म्हणतात. आम्ही सुचवू, आधी झोत पाहावा. हवाच कमी येत असेल तर बहुधा केबिन फिल्टर धुळीने भरलेला असतो (काही जुन्या गाड्यांत तो नसतोच). हवा जोरात पण कोमट, आणि सिग्नलवर थांबताच अधिकच कोमट, तर रेडिएटरपुढील कंडेन्सर चोंदला आहे का व त्याचा पंखा फिरतो का, ते तपासावे. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही; वर्षात पुन्हा भरावा लागला तर गळती आहे. ती न शोधता भरलेले पैसे अक्षरशः हवेत जातात! जुन्या आर-१२ च्या यंत्रणेत आर-१३४ए मिसळू देऊ नये. आणि उन्हात तापलेल्या गाडीत मुलांना बसवण्यापूर्वी दारे उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी.