क्रँकशाफ्ट बॅलन्सर सीलची तेलगळती

क्रँकशाफ्टच्या पुढील टोकावरील बॅलन्सर पुलीभोवतीचे रबरी ऑइल सील झिजल्याने इंजिनातील तेल बाहेर झिरपते. तिला बॅलन्सर सीलची तेलगळती म्हणतात. बॅलन्सर क्रँकशाफ्टची पिळकंपने शमवतो. सीलची कड त्याच्या फिरत्या गाभ्यावर घासते. उष्णतेने रबर कडक होते, तर धुळीने कड व गाभा दोन्ही झिजतात. खानदेशात जळगाव व धुळे जिल्ह्यांत उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. शेतातील ट्रॅक्टरांना धुळीचाही सामना करावा लागतो.

निदान

तेल खाली ओघळते व पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरते. त्यामुळे थेंब पडतो तेथेच गळतीचे मूळ असते असे नाही. इंजिन स्वच्छ पुसून थोडा वेळ चालवावे व बंद करून सर्वांत वरचा ओला भाग शोधावा. पुलीमागे चक्राकार उडालेले तेल सीलचा दोष सुचवते. वरून ओघळ आल्यास व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट तपासावे. ब्रीदर तुंबल्यास आतील दाब वाढून चांगले सीलही गळते.

दुरुस्ती

गाभ्यावर नखाला जाणवणारी खाच असल्यास केवळ नवे सील पुरत नाही. स्लीव्ह बसवावी किंवा बॅलन्सर बदलावा लागतो. दुर्लक्ष केल्यास तेलाची पातळी घटून बेअरिंग निकामी होतात.