झाकली मूठ आणि घरातली मुले

प्रत्येक घरात एखादी गोष्ट अशी असतेच, की ती निघाली रे निघाली की मोठी माणसे एकमेकांकडे बघतात आणि विषय बदलतात. कुणाच्या आजोबांनी कर्जापायी जीव दिलेला असतो, कुणाच्या आत्याला नवऱ्याने टाकलेले असते, तर कुणाचा काका घर सोडून गेला तो परत आलाच नाही. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणून आपण गप्प बसतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बाबतीत ते ठीकच आहे. पण मैत्रिणींनो, मुलांचे काय? ती तर त्याच घरात वाढत असतात. आजोबांचा फोटो भिंतीवर का नाही, सणावारी आत्या मागच्या खोलीत का जाऊन बसते, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. कारण कळले नाही की ती मनानेच कारण रचतात, आणि पुष्कळदा ते खऱ्याहून भयंकर असते. ‘आई माझ्यामुळेच तर रडत नसेल ना?’ इथपर्यंत त्यांची मजल जाते.

गप्प राहिलेली घरे

आपल्या कल्याणजवळचे उल्हासनगर बघा. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे तिथल्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिली. १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार मागे टाकून आलेल्या या माणसांनी मिळेल तो धंदा करून संसार पुन्हा उभे केले. मात्र मागे काय सोडले, वाटेत काय सोसले, याबद्दल कितीतरी आजी-आजोबा अवाक्षर बोलले नाहीत. मुलांनी पुढे बघावे, एवढाच त्यांचा हेतू. मुलांनीही विचारले नाही, कारण विचारले तर आईला त्रास होईल!

नाझींच्या छळातून वाचलेल्या ज्यू कुटुंबांत इस्रायलचे मानसशास्त्रज्ञ डॅन बार-ऑन यांना नेमके हेच आढळले. त्यांनी त्याला ‘दुहेरी भिंत’ म्हटले. एक भिंत आईवडील बांधतात, दुसरी मुले. पुढे एकाने आपल्या भिंतीला खिडकी पाडली, तरी समोर दुसऱ्याची भिंत उभीच!

उगाळत बसणेही नको

याच्या उलट टोकाचीही घरे असतात. ‘तुझ्या काकांनी आपल्याला घराबाहेर काढलं, विसरू नकोस हं!’ हे जेवताना, झोपताना मुलांच्या कानी पडत असते. वाटणीच्या वेळी ज्याचा जन्मही झाला नव्हता, असे पोर मग आपल्या चुलतभावाशी खेळायलाही कचरते. आपले दुःख हलके करण्यासाठी आपण ते मुलाच्या खांद्यावर देतो, हे लक्षातच येत नाही.

मग सांगावे तरी कसे?

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातील मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिव्हुश यांनी २००१ च्या सुमारास मुलांसाठी २० प्रश्न तयार केले. आजी-आजोबा कुठे वाढले, आईवडिलांची भेट कशी झाली, घराण्यात कोणते मोठे संकट आले होते, असे अगदी साधे प्रश्न. ज्या मुलांना घरची माहिती अधिक होती, त्यांचा आत्मविश्वास अधिक आढळला. पण बरं का, उत्तरे पाठ करून घेतल्याने हे होत नाही. जेवताना, प्रवासात, सणाला घरातली माणसे एकत्र बसून बोलतात, त्या बोलण्यात ही ताकद असते. ‘आपल्याकडे वाईट दिवस आले, तरी आपण तगलो,’ ही गोष्ट मुलांना विशेष धीर देते.

तेव्हा मुलाने विचारले, की ‘गप्प बस’ म्हणू नका. विचारले तेवढेच, पण खरे सांगा. सहा वर्षांच्या मुलाला ‘आजोबांचं मन फार आजारी होतं, त्यात ते गेले. त्यात कुणाचीच चूक नव्हती,’ एवढे पुरते. चौदा-पंधराव्या वर्षी कर्जाचे आणि त्यांनी जीव दिल्याचेही सांगता येईल. तसे झाले नाही तर लग्नकार्यात कुणीतरी लांबची मावशी तिखटमीठ लावून सांगणारच आहे!

संकटाबरोबर मदतीला धावलेल्या माणसांचीही नावे सांगा. आजीने शिवणयंत्रावर घर कसे चालवले, कोणत्या शेजारणीने महिनाभर डबा पाठवला, हेही त्याच इतिहासात येते. सांगताना डोळे भरून आले तर येऊ द्यात. ‘मला अजून वाईट वाटतं, पण मी बरी आहे,’ असे मुलाला सांगा. मात्र ज्याच्यावर बेतले ते माणूस घरात असेल, तर आधी त्याला विचारा. आत्याची गोष्ट सांगायची की नाही, हे आत्यानेच ठरवायचे.

आणि सासूबाईंना किंवा ह्यांना हे बोलणे पटत नसेल, तर मुलांसमोर वाद नको. आधी आपापसात ठरवा. एकाच घरात एकाच प्रश्नाची दोन उत्तरे मिळाली, की मुले विचारणेच सोडून देतात.